कल्चर निगेटिव्ह, तरी आतडं सुजलेलं: वडोदऱ्यातलं एक प्रकरण

रुग्ण बत्तीस वर्षांची, दांडिया बाजारच्या जुन्या भागात सासू-सासऱ्यांबरोबर राहणारी, नोकरी करणारी स्त्री. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे अस्तराला वारंवार सूज येऊन व्रण पडण्याचा आजार, काही वर्षांपूर्वी निदान झालेला. मेसालामिन या सूज आवरणाऱ्या औषधाच्या गोळ्यांवर आजार शांत होता, इतका शांत की तिने स्वतःच डोस निम्म्यावर आणला होता. असं बहुतेक जण करतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत.

तिच्यावर उपचार गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टने केले. माझ्याकडे आल्या त्या नमुन्याच्या डब्या. म्हणून हे प्रकरण मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या टेबलावरून लिहिते आहे, रुग्णाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली. तिच्या गल्लीत पाणी फार चढलं नाही, पण इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत गढूळ पाणी मिसळलं आणि काही दिवस टँकरवर काढावे लागले. आसपास सगळीकडे ‘झाडा-उलटी’ चालू होती. तिलाही ताप आला, पाण्यासारखे जुलाब झाले. फॅमिली डॉक्टरांनी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची नेहमीची जोडगोळी दिली आणि ताप उतरला. जुलाब मात्र थांबायच्या ऐवजी बदलले: आधी आव, मग रक्त, मग रात्रीही उठावं लागणं. मग अझिथ्रोमायसिन झालं. त्यानेही फरक पडला नाही. घर साफ करताना कंबर धरली म्हणून मधल्या काळात ती डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकही घेत होती, हे बरंच नंतर कळलं.

ती गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टकडे पोचली तेव्हा दिवसाला आठ वेळा रक्ताची शौच होत होती. नाडी ८४, ताप नाही, हिमोग्लोबिन १०.९. ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये मांडलेले निकष आजही वापरात आहेत. रक्ताच्या सहा किंवा अधिक शौचांबरोबर नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ च्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) ३० च्या वर, यातलं एक जरी असलं तरी झटका तीव्र ठरतो आणि रुग्णाला दाखल करावं लागतं. तिचा ईएसआर २८ होता. म्हणजे उंबऱ्याच्या अगदी अलीकडे.

परस्परविरोधी वाटणारे रिपोर्ट

सूक्ष्मदर्शकाखाली पू-पेशी भरपूर, तांबड्या पेशी भरपूर, अमिबाचे ट्रोफोझॉइट (त्याचं वाढणारं रूप) नाहीत, अमिबाची अँटिजेन चाचणीही निगेटिव्ह. कल्चरमध्ये, म्हणजे नमुना प्लेटवर वाढवून पाहिल्यावर, साल्मोनेला, शिगेला, व्हिब्रिओ काही वाढलं नाही. प्रतिजैविकांनंतर आतड्यात बळावणाऱ्या क्लोस्ट्रिडिओइडिस डिफिसिलचं जीडीएच (त्याची खूण असलेलं प्रथिन) आणि टॉक्सिन (विष) दोन्ही निगेटिव्ह. विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याच्या सुजेचं माप, १,००० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर. साधारण ५० च्या खाली असलं तर आम्ही निश्चिंत असतो, २५० च्या वर गेलं की आतड्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी झाली आहे असं समजतो.

सिग्मॉइडोस्कोपीत गुदाशयापासून वरपर्यंत सलग सूज, रक्तवाहिन्यांची नक्षी पुसलेली, नुसत्या स्पर्शाने रक्त, लहान व्रण. बायोप्सीत क्रिप्टमध्ये (अस्तरातल्या खोबणींत) पू, श्लेष्म बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी कमी झालेल्या, सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूच्या खुणा नाहीत.

यात भर म्हणून दुसऱ्या लॅबकडून पीसीआर पॅनेल आलं. एकाच नमुन्यात वीसेक जंतूंची जनुकं शोधणारी ही चाचणी हल्ली झटकन लिहून दिली जाते. त्यात बाकी सगळं निगेटिव्ह आणि एका ओळीत पॉझिटिव्ह, जुलाब घडवू शकणारी ई. कोलायची एक जात: एंटेरोअ‍ॅग्रिगेटिव्ह ई. कोलाय.

तिचे सासरे रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. दोन्ही कागद घेऊन लॅबमध्ये आले.

“डॉक्टर, तुमचा कागद म्हणतो जंतू नाहीत. हा म्हणतो आहेत. आणि सुनेला रक्त पडायचं थांबत नाही. तिन्ही खरं कसं?”

“काका, तिन्ही खरंच आहे,” मी म्हणाले. “तीन चाचण्या तीन वेगळ्या गोष्टी मोजतात.”

“मग औषध कोणत्या कागदाचं करायचं?”

खरा प्रश्न हाच होता. नातेवाइकांमध्ये ‘आता इंजेक्शनवालं, जोरदार अँटिबायोटिक द्या’ असा सूर लागला होता. दुसरीकडे गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टना स्टेरॉइड सुरू करायचं होतं, आणि त्या एका पॉझिटिव्ह ओळीमुळे त्यांचा हात अडला होता. संसर्ग असताना प्रतिकारशक्ती दाबायची कशी?

कल्चरला काय दिसत नाही

कल्चरला फक्त जिवंत जिवाणू कळतो, तोही आमच्या प्लेटवर वाढायला राजी असेल तर. दोन प्रतिजैविकांनंतर घेतलेला नमुना असल्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टचं वजन आधीच कमी होतं, आणि तशी ओळ रिपोर्टात होती. पण सगळे रोगजंतू खरोखरच मेलेत असं धरलं, तरी सूज ओसरलीच पाहिजे असं नाही. आपली प्रतिकारयंत्रणा जंतू जिवंत आहे का हे फारसं विचारत नाही. ती त्याचे रेणू ओळखते.

हे फार जुनं ज्ञान आहे. रिचर्ड फायफर यांनी १८९२ च्या सुमारास कॉलऱ्याचे जिवाणू उष्णतेने मारून गिनीपिगला टोचले, तरी प्राणी मेले. विष जिवाणूच्या अंगातच आहे असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्या एंडोटॉक्सिनला आज आपण लिपोपॉलिसॅकराइड, थोडक्यात एलपीएस म्हणतो. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूला दोन पटलं असतात आणि बाहेरच्या पटलाचा बाहेरचा थर मुख्यतः एलपीएसचा असतो.

आता या प्रकरणाला लागू पडणारा भाग. हे बाह्य पटल जिवाणूच्या अंगावर गप्प बसत नाही. ठिकठिकाणी फुगतं आणि त्याचे बंद फुगे सुटून बाहेर पडतात. या पटल-पुटिका, बोलताना आम्ही सरळ व्हेसिकल म्हणतो. आकार साधारण २० ते २५० नॅनोमीटर, तर जिवाणू स्वतः एक-दोन मायक्रॉनचा. कोलकात्याचे एस. एन. चॅटर्जी आणि जे. दास यांनी १९६७ मध्ये कॉलऱ्याच्या जिवाणूचं पटल असं फुगून सुटताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टिपलं होतं. बराच काळ याकडे कचरा किंवा नमुना तयार करतानाचा दोष म्हणून पाहिलं गेलं. पण पुटिकेत एलपीएस असतं, पटलातली प्रथिनं असतात, पेशीभित्तीच्या पेप्टिडोग्लायकनचे तुकडे असतात, डीएनए-आरएनए असतात, काही जातींत टॉक्सिनही असतं. जुलाब घडवणाऱ्या एंटेरोटॉक्सिजेनिक ई. कोलायचं उष्णतेने निकामी होणारं विष मोठ्या प्रमाणात पुटिकांना चिकटूनच बाहेर पडतं.

पुटिका जिवंत नाही, तिचं विभाजन होत नाही, म्हणून प्लेटवर तिची कॉलनी येत नाही. द्रव निर्जंतुक करायला आम्ही ०.२२ मायक्रॉनची गाळणी वापरतो. जिवाणू अडकतात, पुटिका बहुतांशी पार होतात. पुटिकांचा अभ्यास करणारे लोक नेमका हाच ‘निर्जंतुक’ द्रव अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी पुटिका गोळा करतात.

काकांना इथे एक शंका आली: आम्ही पाणी वीस मिनिटं उकळतो, त्याने हे जातं का? नाही जात. काचेच्या भांड्यावरचं एंडोटॉक्सिन घालवायला कोरडी उष्णता २५० अंशांवर अर्धा तास लागते. पण म्हणून उकळलेल्या पाण्याची धास्ती घेण्याचं कारण नाही. आपल्या मोठ्या आतड्यात स्वतःच्याच जिवाणूंचं एलपीएस बाराही महिने भरलेलं असतं आणि निरोगी आतडं ते सहज सोसतं. मग तिचं आतडं का सोसत नव्हतं?

पुटिका आत गेल्यावर

निरोगी मोठ्या आतड्यात श्लेष्माचे दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जिवाणू नांदतात. पेशींना लागून असलेल्या आतल्या घट्ट थरात जवळजवळ कुणीच नसतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हा आतला थर विरळ होतो. तिच्या बायोप्सीत गॉब्लेट पेशी कमी झाल्या होत्या, म्हणजे हा थर विणणारे कारागीरच घटले होते. डायक्लोफेनॅकसारखी औषधं अस्तराचं संरक्षण आणखी कमी करतात. त्यात एंटेरोअ‍ॅग्रिगेटिव्ह ई. कोलायच्या अनेक जातींकडे श्लेष्मातलं म्युसिन कापणारं ‘पिक’ नावाचं प्रथिन असतं.

जिवाणूला जिथे शिरता येत नाही तिथे पुटिकेला जाता येतं. बॅक्टेरॉइडिस थीटायोटाओमायक्रॉन हा आपल्या आतड्यातला नेहमीचा रहिवासी. कोलायटिस होण्याकडे कल असलेल्या उंदरांत २०१५ मध्ये असं दाखवलं गेलं, की त्याचे घटक पुटिकांमधून अस्तराखालच्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींपर्यंत पोचतात आणि त्यासाठी सल्फेटेज विकरांची (एन्झाइमची) क्रिया लागते. श्लेष्मातल्या साखरांवरचे सल्फेट गट ही विकरं काढतात. सल्फेटेज बंद पाडलं की हे पोचणं थांबतं. जिवाणू जागचा हलला नाही तरी त्याचा माल पोचतो, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत अस्वस्थ करणारं निरीक्षण वाटतं.

पोचल्यावर पुढे तीन वाटा आहेत. पहिली सर्वांच्या पाठातली. पेशीच्या पृष्ठभागावरचा टीएलआर-४ हा ग्राही (रिसेप्टर) एलपीएस ओळखतो. ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने हे १९९८ मध्ये दाखवलं आणि २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्यातून पेशीतलं दाहाचं बटण, एनएफ-कॅप्पा-बी, जागं होतं. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-८ हे दाहाचे संदेश तयार होतात. इंटरल्यूकिन-८ न्यूट्रोफिलना बोलावतं. क्रिप्टमधला पू तो हाच, आणि कॅलप्रोटेक्टिन हे त्याच न्यूट्रोफिलच्या पोटातलं प्रथिन.

दुसरी वाट पेप्टिडोग्लायकनची. त्याचा ग्राही नॉड-१ पेशीच्या आत असतो, बाहेर भटकणारे तुकडे त्याला सहसा भेटत नाहीत. पुटिका अस्तराच्या पेशीत शिरून हा माल थेट नॉड-१ पर्यंत नेते, असं २०१० मध्ये दाखवलं गेलं.

तिसरी वाट गेल्या दशकातच उलगडली आणि तीच सर्वांत उग्र आहे. माणसाच्या पेशीत कॅस्पेज-४ नावाचं विकर असतं, उंदरात त्याचं काम कॅस्पेज-११ करतं. पेशीद्रवात एलपीएस दिसलं की हे विकर स्वतःच त्याला बिलगतं आणि जागं होतं, हे २०१४ मध्ये सिद्ध झालं. पण बाहेरचं एलपीएस पेशीद्रवात जाणार कसं? जिवाणू पेशीत न शिरता पुटिकांमार्फत हे घडू शकतं, असं २०१६ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातल्या गटाने दाखवलं. पेशी पुटिकेला गिळते आणि एलपीएस तिथून पेशीद्रवात निसटतं. मग कॅस्पेज गॅसडर्मिन-डी या प्रथिनाला कापतं, त्याचे तुकडे पेशीच्या पटलात छिद्रं पाडतात, पेशी फुगून फुटते आणि तिच्यातला दाहकारक ऐवज आजूबाजूला सांडतो. अस्तराची पेशी अशी गेली की तिथे भगदाड पडतं आणि पुढच्या पुटिकांना रस्ता आणखी मोकळा.

सुट्या एलपीएसला सहसा पहिलीच वाट मिळते. तेच एलपीएस पुटिकेत आलं की तिसरीही उघडते, आणि पेप्टिडोग्लायकन सोबत असतं म्हणून दुसरीही.

पण पुटिका म्हणजे खलनायक नव्हेत

हे सगळं ऐकून काका म्हणाले, “मग या पुटिकाच मारायचं औषध शोधा ना.” तसं करता येणार नाही, आणि करूही नये. बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिसच्या पुटिकांत पॉलिसॅकराइड-ए असतं आणि त्या पुटिका उंदरांना कोलायटिसपासून वाचवतात, असं २०१२ मध्ये दिसलं. पुढे २०१६ मध्ये कळलं की हे संरक्षण मिळायला यजमानाकडे एटीजी१६एल१ आणि नॉड-२ ही जनुकं धड असावी लागतात. क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या आजाराचा धोका वाढवणाऱ्या जनुकांत हीच दोन्ही नावं आहेत. म्हणजे पाठवणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी घेणाऱ्याला तो कळायला हवा. पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड निस्ले यांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून वेगळा केलेला ई. कोलाय निस्ले १९१७ तर अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत ठेवायला औषध म्हणून वापरला गेला आहे, आणि उंदरांत त्याच्या नुसत्या पुटिकांनीही सूज कमी होते.

एलपीएसमध्येही फरक असतो. ई. कोलायच्या लिपिड-ए ला (एलपीएसच्या पटलात रुतलेल्या भागाला) सहा मेदाम्ल साखळ्या असतात, त्यामुळे टीएलआर-४ जोरात चिडतो. बॅक्टेरॉइडिसच्या लिपिड-ए ला सहसा चार-पाच असतात आणि तो फारसा चिडत नाही. कोलायटिसच्या झटक्यात आतड्यातल्या जिवाणूंचा तोल ई. कोलायच्या कुळाकडे झुकतो. पुटिका तितक्याच राहिल्या तरी त्यांची जात बदलते.

या प्रकरणात मी काय म्हणू शकते, काय नाही

तिच्या आतड्यात पुटिकांनीच आग लावली असं मी म्हणू शकत नाही. कोणत्याही दवाखान्यात त्यासाठीची चाचणी नाही. विष्ठेतलं एंडोटॉक्सिन मोजता येईल, पण ते तुमचं-माझंही पॉझिटिव्हच येईल. झटक्याची साधी कारणं तिच्याकडे पुरेशी होती: निम्मा केलेला मेसालामिन, डायक्लोफेनॅक आणि एक खराखुरा संसर्ग. पुटिकांचा उपयोग मला एवढाच होता की ‘जंतू गेले तर सूज का’ या प्रश्नाला त्या जीवशास्त्रात बसणारं उत्तर देतात, आणि पुढच्या प्रतिजैविकाबद्दल सावध करतात.

कारण प्रतिजैविक म्हणजे जिवाणूवर ताण, आणि ताणाखाली जिवाणू पुटिका जास्त सोडतात. जेन्टामायसिनने स्यूडोमोनास या जिवाणूच्या पुटिका वाढतात हे १९९० च्या दशकातच दिसलं होतं. क्विनोलोन गटातली औषधं डीएनएवर घाव घालतात. त्यातून जी आणीबाणीची प्रतिक्रिया उठते तिच्यात काही पेशी स्फोट होऊन फुटतात आणि पटलाच्या चिंध्या पुन्हा गोल होऊन पुटिका बनतात. हे २०१६ मध्ये स्यूडोमोनासमध्येच चित्रित झालं. तिला पहिल्यांदा दिलेलं ओफ्लॉक्सासिन याच गटातलं. ते देणं चूक होतं असं मला वाटत नाही. पुराच्या दिवसांत तापासह जुलाब, आणि तेही कोलायटिसच्या रुग्णाला, म्हटल्यावर बहुतेकांनी तेच दिलं असतं. ताप उतरल्यावर, रोगजंतू न सापडता, तिसरं प्रतिजैविक देण्याचं समर्थन मात्र मला करता आलं नसतं.

राहिली पीसीआरची ओळ. पीसीआर जनुक शोधतं. ते जिवंत पेशीतलं आहे, मेलेल्या पेशीतलं आहे की पुटिकेत जपून राहिलेलं आहे, हे त्याला सांगता येत नाही. शिवाय एंटेरोअ‍ॅग्रिगेटिव्ह ई. कोलाय काहीही त्रास नसलेल्या माणसांतही सापडतो, विशेषतः आपल्याकडे. गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टनी फोनवर सरळ विचारलं, “स्टेरॉइड देऊ का?” शिगेला, साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर पीसीआरमध्येही निगेटिव्ह, सी. डिफिसिल निगेटिव्ह, अमिबा दोन पद्धतींनी निगेटिव्ह, बायोप्सीत सायटोमेगॅलोव्हायरस नाही. मी म्हणाले, द्या. ताप आला किंवा पोट फुगलं तर त्याच दिवशी ताजा नमुना आणि रक्ताचं कल्चर पाठवा.

उपचार आणि पुढची वाटचाल

प्रतिजैविकं आणि डायक्लोफेनॅक बंद. मेसालामिन तोंडाने दिवसाला ४.८ ग्रॅम, रात्री त्याचाच एनिमा, आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅमपासून उतरत्या क्रमाने. सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लोह. खाण्यापिण्यावर घरात बराच वाद झाला. सासूबाईंनी तिला मऊ भातावर ठेवलं होतं, तिचा जीव सेव-उसळीत. व्रण भरेपर्यंत तिखट आणि चोथा कमी, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं.

एनिमा तिने पहिले काही दिवस टाळला. तो डाव्या कुशीवर झोपून घ्यावा आणि घेतल्यावर थोडा वेळ तसंच पडून राहावं हे परिचारिकेने नीट समजावल्यावर जमलं. रात्रीचं उठणं आधी थांबलं, रक्त त्यानंतर. स्टेरॉइड संपल्यावर महिन्याभराने कॅलप्रोटेक्टिन १८० आलं, म्हणजे शंभर टक्के शांत नाही, पण तिची दिनचर्या पूर्ववत झाली होती. आजाराचा जोर ओसरला तरी श्लेष्माचा थर आणि अस्तर सावरायला वेळ लागतो, त्यामुळे या आकड्याने कुणी दचकलं नाही. मेसालामिन २.४ ग्रॅमवर कायम ठेवलं आहे. तो निम्मा करायचा नाही, हे या वेळी तिने स्वतः लिहून घेतलं.

काका मधे एकदा पुन्हा आले. पीसीआर पॅनेल परत करून ती ओळ निगेटिव्ह झाली का ते पाहू या, असं त्यांचं म्हणणं. मी नको म्हणाले. ओळ पॉझिटिव्ह आली असती तरी तिला काही होत नसताना आम्ही औषध दिलं नसतं, आणि निगेटिव्ह आली असती तरी मेसालामिन थांबवला नसता. त्याऐवजी दोन गोष्टी ठरल्या: दर काही महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन, आणि पुन्हा कधी ताप-जुलाब झाले तर प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी नमुन्याची डबी लॅबमध्ये. काकांनी दोन रिकाम्या डब्या तेव्हाच मागून घेतल्या.